दोन पट, एक पाटकरी

कोऱ्हाळे बुद्रुक,
निज भाद्रपद शुद्ध ६, शके १८५८

सावळारामराव,

नमस्कार. राग अजून उतरला नसेल तर हे पत्र वळचणीला खोचून ठेवा, बैलांना वैरण टाकून या आणि मग वाचा. माझाही उतरलेला नाही, पण मी वैरण टाकून आलो आहे.

तुमचं कार्ड पोचलं. 'अर्धा राहिलेला डाव टपालानं पुरा करावा, बाकी काही लिहू नये' असा हुकूम आहे. डाव पुरा करू. बाकी काही न लिहिणं मात्र मला जमायचं नाही. सगळी उमर कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी केली. लोकांच्या शेताला पाणी देणाऱ्या मोऱ्या उघडायच्या, मिटायच्या आणि शिव्या ऐकून घ्यायच्या. उलट बोलायची सोय नव्हती. आता नोकरी सुटली आहे, तर ते सगळं बोलून घेतो.

तुम्ही विहीणबाईंना काय सांगितलंत मला ठाऊक नाही. म्हणून घडलं कसं ते इथं त्यांच्यासाठी लिहितो. वाचून दाखवा, आणि गाळून वाचू नका.

ठमाबाई, अधिक महिना म्हणून मी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं आणि व्याह्यांनाही या म्हटलं. छबू आधीच माहेरी आली होती. पुरणाचे धोंडे तिनं एकटीनं केले. तिची आई असती तर, असो. जेवणाआधी एक डाव म्हणून आम्ही बुद्धिबळाचा पट मांडला. असाच एक पट तुमच्याही घरी आहे. सोयरीक ठरत होती तेव्हा खेळायचं ते माझ्या पटावर की यांच्या, यावरूनच आम्ही हमरीतुमरीवर आलो होतो, आणि छबूच्या आईनं, आमच्या प्रयागानं, वैतागून दोन्ही पट मधोमध कापले. एक अर्धा यांचा तांबडा, एक अर्धा माझा काळा, मध्ये तिच्या जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी, असे दोन पट शिवून एकेकाच्या हातात दिले. "आता काय भांडायचं ते भांडा," म्हणाली. त्या निळ्या पट्टीवर आम्ही घरं आखली आणि तिला कालवा म्हणू लागलो.

कालवा आला म्हणजे पाटकरी आला. तो मी बारामतीच्या सुताराकडून बाभळीचा करून घेतला, डोक्यावर पागोटं, राजापेक्षा बोटभर उंच. वजिरासारखा चालतो आणि घोड्यासारखी उडीही मारतो. त्याला कुणी मारायचं नाही, कारण तो सरकारी माणूस. आणि तो कुणा एकाचा नाही. एकदा मी हलवला की पुढची बारी यांची. हे हलवत नाहीत तोवर मला त्याला हात लावता येत नाही. पाण्याच्या बारीसारखंच. पट दोन झाले, पण पाटकरी एकच. तो माझ्याकडे असतो आणि तुमच्याकडे त्याच्या जागी सुपारी मांडतात.

तर त्या दिवशी पाटकऱ्याची बारी माझी होती आणि मी तो हलवला नाही, राखून ठेवला. खेळात राखून ठेवण्यातच मजा असते. यांनी प्यादी, उंट, सगळं हलवून पाहिलं, पण पाटकरी कालव्यात उभा आणि बारी माझी, त्यामुळे यांच्या वजिराला घाम फुटलेला. मग हे भडकले. "तात्या, बारी आली की पानी घ्यावं, न्हायतर सोडावं. अडवून बसायचं न्हाय. तुमी वरच्या अंगाचं लोक. कालव्याच्या शेपटाला, पानी सगळ्यात शेवटी पोचतंय तितं, बसल्यावर कसं वाटतंय ते तुमाला काय कळणार?" मी म्हणालो, पटावर तसा नियम नाही, आणि पाटकऱ्याला बारीचे नियम शिकवू नका.

झालं. भरल्या ताटावरून उठले. आमच्या जावयाच्या, भिमाच्या तोंडात धोंडा होता. बाप उठला म्हणून तोही तसाच गाल फुगवून उठला. उंबऱ्यात उभं राहून व्याही म्हणाले, "ह्यो डाव निकाली निघाल्याबिगर ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय." माझी जीभ तरी कुठं गप्प बसते. मीही बोलून गेलो, "मग डाव संपल्यावरच या सुनेला न्यायाला. मी आणून सोडणार न्हाय."

तेव्हापासून छबू इथं आहे. निघायच्या तयारीत बांधलेलं तिचं बोचकं दाराआड तसंच आहे. येता-जाता दिसतं मला.

खेळी अशी: पाटकऱ्याला मी हात लावत नाही. माझ्या राजापुढचं प्यादं एक घर पुढे.

तुमचा व्याही (अजून मानत असाल तर),
कुंडलिक

कोऱ्हाळे बुद्रुक,
भाद्रपद वद्य ३

सावळारामराव,

आता कार्डावर आलो. कार्ड म्हणजे तुमच्याआधी बरेच जण वाचणार. आमचा टपालवाला बिरू तुमचं कार्ड घेऊन येतो तो वेशीपासूनच ओरडत येतो, "तात्या, व्याह्यांनी हत्ती काढला!" मी अजून तोंडही धुतलेलं नसतं. परवा मला म्हणाला, "तुमचा उंट जरा मागं घ्या, फसल." मी म्हणालो, तू टपाल वाट.

तुम्ही विचारता, पाटकऱ्यानं शह दिला तर पुढच्याच खेळीला हत्तीनं मात होते, मग करत का नाही? होते, खरं आहे. मला दिसतं, तुम्हाला दिसतं, बिरूलाही दिसतं. पण हत्तीनं मात केली तर तिला काय किंमत? प्याद्यानं केली तर ती मात, हे तुम्हीच मला सोयरिकीच्या बैठकीत मिशीवर हात फिरवून ऐकवलं होतं. माझं प्यादं तुमच्या राजाकडे निघालं आहे. आपल्या खेळात प्यादं एकेक घरच चालतं, त्याला मी काय करू? तुमच्यासारख्या खेळाडूवर हलकी मात करून मला तुमचा अपमान करायचा नाही.

छबू बरी आहे. काल वांग्यांना पाणी तिनंच दिलं. तिच्या हातची भाकरी खाऊन मी माणसात आलो असं शेजारची भागूबाई म्हणते. प्रयागा गेल्यापासून कालवण भागूबाईकडून यायचं आणि भाकरी मी थापायचो. ती भाकरी कुत्र्यापुढं टाकली तर ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचं.

खेळी: तेच प्यादं, आणखी एक घर.

कुंडलिक

कोऱ्हाळे बुद्रुक,
भाद्रपद वद्य १०

सावळारामराव,

काल अविधवा नवमी झाली. प्रयागाचं पान वाढलं. भागूबाईला सवाष्ण म्हणून बसवली. छबूनं कारळाची चटणी अगदी आईसारखी केली होती, थोडी जास्त तिखट. भागूबाईनं नाक पुसत पुसत तीनदा मागून घेतली आणि वर म्हणाली, प्रयागा अशीच जाळायची.

जेवणं झाल्यावर छबू पटापाशी येऊन बसली. सोंगट्या न हलवता निळ्या पट्टीवरून हात फिरवत राहिली. "आबा, ह्या लुगड्याला धरून मी चालाया शिकले," म्हणाली. मी सुपारी कातरत बसलो, सुपारी संपली तरी अडकित्ता चालूच होता.

तुमच्या कार्डाच्या कोपऱ्यात विहीणबाईंचा निरोप होता, की छबूची गाय व्यायला झाली आहे आणि दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तो मी तिला वाचून दाखवला. मग विचारते, "आबा, तुमचं प्यादं कुठवर आलं?" मी म्हणालो, चाललंय. "गोगलगाय तरी पोचली असती," म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता.

या खेपेला खेळी पाठवत नाही. पितृपक्षात नवीन काही करू नये, मागच्या खेपेला ते ध्यानात राहिलं नाही. प्यादं हलवण्यात नवीन काय, असं तुम्ही विचाराल. ते नव्या घरात जाणार, म्हणजे एक प्रकारचा गृहप्रवेशच की. अमावस्या होऊ द्या.

कुंडलिक

ता. क. गाईला गूळ-बाजरी द्यायला सांगते आहे छबू. आणि तिच्या डाव्या बाजूनं जा म्हणते, उजव्या बाजूनं गेलं की लाथ मारते.

कोऱ्हाळे बुद्रुक,
आश्विन शुद्ध १२

सावळारामराव,

तुम्ही पाठवलेलं सोनं पोचलं. आपट्याची पानं वाटेत थोडी चुरगळली, पण भावना पोचली. माझ्याकडूनही घ्या.

आता एक तक्रार. तुमचे चिरंजीव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्यात आले होते. तुम्हाला म्हणे बैल बघायला जातो असं सांगून निघाले. कोऱ्हाळ्यात सध्या कुणाचाही बैल विकायचा नाही, ते मी चौकशी करून लिहितो आहे. इतक्या लांब येऊन उंबऱ्याला मात्र पाय लावला नाही. बापाची शपथ त्यानं पुरती पाळली. वांग्याच्या वाफ्याकडेला बांधावर जाऊन बसला. लगेच छबूला आठवलं की वांग्यांना पाणी द्यायचं राहिलंय. ते आदल्याच दिवशी दिलं होतं.

मी ओट्यावरून बघत होतो. वाफा भरला, पाणी बांधावरून पलीकडे वाहायला लागलं, तरी वाफ्याचं मातीचं दार मोडून ते पुढच्या वाफ्याला घ्यायचं भान दोघांपैकी कुणाला नव्हतं. पाणी वाया घालवणाऱ्यावर मी जन्मभर ओरडत आलो. त्या दिवशी ओरडलो नाही. बऱ्याच वेळानं फक्त हाक मारून विचारलं, "जावई, बैल पसंत पडला का?"

"अजून दात बघायचं हायत, मामा," म्हणाला. मान काही वर केली नाही.

"मग बघून घ्या. सावकाश बघा," मी म्हणालो.

पोरगा गुणी आहे, सावळारामराव. तुमच्यावर गेलेला नाही.

तो गेल्यावर छबू चुलीपुढे जाऊन बसली. चूल पेटवलेली नव्हती, तरी धूर डोळ्यांत गेला म्हणाली. मला दिसतं सगळं, मी काही दगड नाही. झोपताना मनाशी ठरवलं की उठल्याबरोबर पाटकऱ्याची खेळी करायची, हत्तीनं तर हत्तीनं, मात करायची आणि तुम्हाला या म्हणून कळवायचं. सकाळी तिनं माझ्यापुढं गरम भाकरी आणि ताक ठेवलं. आडावर कुणाशी तरी हसत होती, तो आवाज घरात येत होता. या घरात सकाळी आवाज येतो याची मला पुन्हा सवय झाली आहे. म्हटलं, उद्या करू.

खेळी: प्यादं एक घर. आता थोडीच घरं उरली आहेत.

कुंडलिक

कोऱ्हाळे बुद्रुक,
आश्विन वद्य ५

सावळारामराव,

हे लिफाफ्यातून पाठवतो आहे, आणि तुम्हीही यापुढे अक्कल वापरून लिफाफा घेत चला. असली गोष्ट कुणी उघड्या कार्डावर लिहितं का? 'सुनेला तिसरा महिना हाय, तिनं भिमाला बांधावर सांगितलं, हिकडं ठमाबाईला घास गोड लागत न्हाय, तात्या तुमी तिला कधी मोकळी करणार?' असं टपालाच्या कार्डावर! बिरूनं ते मारुतीच्या पारावर वाचलं. मी बाजारातून येत होतो तर पारावरचे सगळे उठून उभे राहिले. आबासाहेब पाटील म्हणाले, "तात्या, पेढं कवा?" मी म्हणालो, कसले पेढे? त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुमच्या पोराला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, टपालवाल्याला ठाऊक. मी एकाच घरात राहून मला ठाऊक नाही.

तरातरा घरी आलो तो भागूबाई ओट्यावरच. तिला विचारलं, तुला माहीत होतं? "व्हय," म्हणाली. मग मला का सांगितलं नाही? तर म्हणते, "बापाला कुणी सांगतं का असलं? आई असती तर पोरीनं तिच्या कानात सांगितलं असतं. तुमी तर पटात मुंडी घालून बसलाय."

ते शब्द मला फार लागले. प्रयागा नाही हे मी रोज म्हणत होतो, पण माझ्यासाठी नाही असंच म्हणत होतो. छबूलाही ती नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

छबू आत दळत होती. मी जात्यापाशी जाऊन बसलो. म्हटलं, एवढी गोष्ट मला त्या सावळारामाच्या कार्डातून कळावी? तिनं जातं थांबवलं नाही. म्हणाली, "आबा, पाटकरी तुमच्या हातात हाय. मग प्यादं कशापायी चालवताय?"

मी म्हणालो, प्यादेमात करायची आहे.

आता तिनं जातं थांबवलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"प्यादेमात न्हाय आन काय न्हाय. आईच्या मागं घर खायाला उठतंय, म्हणून तुमी मला ठेवून घेतलंय. हे मला ठावं न्हाय व्हय? माझाबी पाय हितनं निघत न्हाय. पण तुमी नोकरीत असताना कुणाची बारी कधी अडवली व्हती का? चुलत्याची मोरी बारी संपल्याबरोबर मिटवली, चुलतीनं तळतळाट दिला तरी मिटवली. आन आता पोटच्या पोरीला अडवून बसलाय."

जे इतके दिवस तुमच्यापाशीही उघड लिहिलं नव्हतं तेच तोंडातून निघून गेलं. म्हणालो, "तू गेलीस की मी हितं एकटा, छबू."

मग माझ्या धोतरावर उडालेलं पीठ झटकत म्हणाली, "पयलं बाळंतपण माहेरालाच असतंय, आबा. मी येणारच हाय. पण मला जाऊच दिलं न्हाय, तर मी परत येऊ कशी?"

सावळारामराव, बुद्धिबळात मला आजवर पुष्कळांनी शह दिले, तुम्हीही दिलेत. या शहातून निघायला एकही घर नव्हतं.

तेव्हा खेळी लिहून घ्या. मी पाटकरी हलवला. कालव्याच्या अगदी कडेच्या घरात, तुमच्या हत्तीच्या सोंडेपुढं नेऊन ठेवला. तिथं तो माझ्या काडीच्याही कामाचा नाही. मात मी सोडली. बारी तुमची.

आणि मी वसुबारसेला छबूला घेऊन शेळगावला येतो आहे. मुलीच्या बापानं न बोलावता मुलीला आणून सोडायची नसते, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका, तुमची शपथ शाबूत राहू द्या. माझी मी मोडतो. पाटकरी पिशवीतून आणतो, सुपारी काढून ठेवा.

एकच विनंती, मला चहापाण्याचा आग्रह करू नका. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही आमच्याकडची रीत आहे. एक मोडतो म्हणून दुसरीही मोडा असं म्हणू नका. माझा तांब्या माझ्याबरोबर असेल.

विहीणबाईंना सांगा, आता पोटभर जेवा.

कुंडलिक

कोऱ्हाळे बुद्रुक,
कार्तिक शुद्ध ३

सावळारामराव,

सुखरूप पोचलो. इंदापूरकडून येणारी सर्व्हिस मोटार बारामतीच्या अलीकडे बंद पडली, आम्ही सगळ्यांनी खाली उतरून ढकलली. पुढे कोऱ्हाळ्यापर्यंत एका ओळखीच्या गाडीवानानं आणलं.

तुमच्या दारातलं सगळं डोळ्यांपुढून हलत नाही. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या, भिमा उगाचच बैलाची वेसण नीट करतोय, आणि छबू ओवाळून घ्यायच्याही आधी गोठ्याकडे पळाली. गाईनं तिला चाटायला सुरुवात केली तेव्हा वासरू मध्ये घुसायला लागलं. विहीणबाई हसून म्हणाल्या, "बघा, आमच्यापरीस हिलाच जादा घाई व्हती." मला बरं वाटलं. खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं. लेक इतक्या लवकर दुसऱ्या घरची होते याची मला कल्पना नव्हती, आणि ती तशी व्हावी म्हणूनच आपण दिली, हेही ठाऊक आहे.

मग तुम्ही अंगणात पट मांडला आणि अर्धं शेळगाव भोवती जमलं. सुपारीच्या जागी खरा पाटकरी उभा राहिला. बारी तुमची. माझा वजीर उघडा पडला होता, तुम्ही तो पाटकऱ्याच्या एका उडीत घेऊ शकत होता. मीच मान पुढे करून बसलो होतो. तुम्ही हात पुढे केलात, आणि मग मागे घेऊन म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. आता आमची बारी हाय, आमीबी राखून ठेवतो." लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. मोटारीच्या थांब्यापर्यंत मी हसतच होतो.

घरी आलो. दाराआडचं बोचकं नाही, तरी मी अजून तिथून जाताना वळसा घालून जातो. भाकरी पुन्हा मीच थापतो आहे. कुत्र्याचं तोंड पूर्वीसारखंच झालं आहे. भागूबाई कालवण देते आणि रोज विचारते, छबूचं पत्र आलं का? काल ती भाऊबीजेला मलाच ओवाळून गेली. म्हणाली, घरात कुणीतरी ओवाळलं पाहिजे.

पिशवी उपसली तेव्हा पाटकरी त्यात नव्हता. तुम्हाला वाटेल म्हातारा विसरला. विसरलो नाही. तुमच्या पटावर तो मुद्दाम उभा ठेवून आलो. बारी तुमची आहे तर पाटकरीही तुमच्याकडेच असायला हवा. इथं मी सुपारी मांडली आहे.

आता महत्त्वाचं. अधिक महिन्यात तुम्ही जो नियम मागत होता, तो मला मान्य आहे. इथं लिहून देतो: पाटकऱ्याची बारी ज्याच्याकडे येईल त्यानं ती घ्यावी, वेळेत सोडावी, अडवून बसू नये. मुद्दाम कार्डावर, बारीक अक्षरात लिहितो आहे, म्हणजे बिरू साक्षीदार आणि मारुतीच्या पारावरचे सगळे साक्षीदार. तुम्ही म्हणाल, तेव्हा ताटावरून उठवलंत आणि आता नियम आठवला काय? व्हय, आता आठवला. तेव्हा मी वरच्या अंगाला होतो. आता कालव्याच्या शेपटाला येऊन बसलो आहे.

म्हणून फाल्गुनात, ऊन चढायच्या आत, छबूची ओटी भरून तिला गाडीत बसवून द्या आणि पाटकरी तिच्या हातात द्या. तीच तुमची खेळी धरीन. मग बारी माझी. बाळ-बाळंतीण परत पाठवायची वेळ आली की मीही तो सोडीन. सोडीन, हे आजच लिहून ठेवतो, कारण त्या वेळी माझा भरवसा नाही. हे कार्ड जपून ठेवा आणि मी टाळाटाळ करायला लागलो तर माझ्यापुढं धरा.

त्यांना पोचवायला मीच येईन. तेव्हा माझा तांब्या घरीच ठेवून येईन. तुमच्या आडाचं पाणी गोड आहे असं छबू सांगते. विहीणबाईंना म्हणावं, भरून ठेवा.

तुमचा व्याही,
कुंडलिक